वीस मिनिटांनी रुसणारी एमजीबी, आणि तीही गिऱ्हाइकासमोरच

आधी दुखणं सांगतो. गाडी १९६९ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी छपराची, दोन माणसांची. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, ल्युकसचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा) आणि पॉइंट-कंडेन्सरचं जुनं इग्निशन. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी टोकं, कंडेन्सर त्यांना जळण्यापासून वाचवतो. थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. वीस-पंचवीस मिनिटं झकास पळते. मग दोन-तीन आचके देते आणि गप्प होते. बोनेट उघडं टाकून पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा चालू. पॉइंट आणि कंडेन्सर बदलले की काही आठवडे बरी असते, मग पहिले पाढे पंचावन्न.

तुमच्याकडे ट्रायम्फ असो, मॉरिस मायनर असो किंवा गावी वडिलांची अँबेसेडर झाकून ठेवलेली असो, पॉइंटवाल्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं. घाई असेल त्यांनी कॉइलच्या (बॅटरीच्या १२ व्होल्टचे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणारा डबा) दोन्ही बारक्या तारा काढून, त्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मल्टीमीटरने मोजावा आणि मगच पुढे वाचावं. माझे तीन शनिवार आणि दोन गिऱ्हाइकं गेली, तुमची जाऊ नयेत.

मी इंग्लंडात रेडिंगला राहतो. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना इथून तासाभराच्या आत. १९६२ ते १९८० या काळात तिथून पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या, त्यातली ही एक. रंग टार्टन रेड, तारांची चाकं, क्रोमचे बंपर, ओव्हरड्राइव्ह. अकरा वर्षं सांभाळली. हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावर कधी काढली नाही, दर तीन हजार मैलांना तेल बदललं, प्रत्येक पावती फाईलमध्ये लावली. आता गुडघे म्हणतात पुरे, कारण या गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं आणि उतरायचं म्हणजे ओंडका उचलायचा. म्हणून विकायला काढली. जाहिरातीत लिहिलं, ‘उत्तम राखलेली, पूर्ण इतिहास उपलब्ध’. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

दाखवण्याचे कार्यक्रम

पहिले आले ते निवृत्त शिक्षक. लोहचुंबक घेऊन आले होते. सिलवर, म्हणजे दाराखालच्या लांब पट्टीवर, ठिकठिकाणी लावून पाहिलं, गाडीखाली झोपून दाराखालचा पत्रा बोटाने दाबून पाहिला. बरोबरच आहे, एमजीबी गंजते ती तिथूनच, आणि नवे सिल बसवणं म्हणजे मोठा खर्च. पत्रा पास झाला. तेलाचा दाब ६० वर, तोही पास. चक्कर मारायला निघालो आणि वॉलिंगफर्डच्या रस्त्यावर गाडी कडेला लागली. ते सभ्य गृहस्थ, काही बोलले नाहीत, फक्त नंतर फोन केला नाही.

दुसरं एक तरुण जोडपं. तोच रस्ता, तीच जागा, मैलभर इकडे की तिकडे. मला आपल्याकडच्या कांदेपोह्यांची आठवण झाली. घरी सगळं नीट, आणि स्थळ आलं की मुलगी नेमकी ट्रे सांडणार.

गंमत अशी की मी एकटा त्याच रस्त्याने गेलो की गाडी ऑक्सफर्डपर्यंत जाऊन परत येत होती. निदान बहुतेक वेळा. त्यामुळे मी ‘योगायोग’ म्हणून सोडून दिलं. तिथेच चुकलो. दुखणं कधी होतं याइतकंच कधी होत नाही हेही महत्त्वाचं असतं. गिऱ्हाईक असताना मी काय वेगळं करत होतो, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता, पडला तो दीड महिन्याने.

तिसरा आला तो आपला मराठी मुलगा, मिल्टन कीन्सहून. वय तिशीच्या आत, वडील साताऱ्याचे, घरी कधीकाळी अँबेसेडर. हे नातं वरवरचं नाही बरं का. अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) एकाच ‘बी’ घराण्यातली. बोनेट उघडल्यावर त्याचा चेहरा असा खुलला की माहेरचं माणूस भेटलंय. चक्कर मारायला निघालो आणि बाविसाव्या मिनिटाला आचके.

“काका, पेट्रोल उकळलं असणार. बाबा खंबाटकीत पंपावर ओला फडका टाकायचे. टाकून बघू का?”

मी म्हटलं, टाक बाबा. त्याने बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं, पंप शोधला, तो काही सापडेना. मग कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरवरच (पेट्रोल साठतं ती वाटी) रुमाल ठेवला. आम्ही गप्पा मारल्या. वीस मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी चालू. “बघा!” तो म्हणाला. मलाही क्षणभर पटलं.

या दुखण्याचा खरा चकवा इथेच आहे. जी गाडी थंड झाली की आपोआप चालू होते, तिच्यावर त्या वीस मिनिटांत तुम्ही जे कराल ते औषध ठरतं. फडका टाका, प्लग पुसा, पंपाला हातोडीने टकटक करा, नारळ फोडा, गाडी चालू होणारच. म्हणून अशा गाड्यांचे मालक दहा वेगवेगळी कारणं शपथेवर सांगतात आणि प्रत्येकाचा अनुभव ‘खरा’ असतो. गाडी मेलेली असतानाच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत जे मोजलं जाईल तेवढंच पुरावा म्हणून धरायचं. बाकी सगळं कीर्तन.

पेट्रोलच्या मागे वाया गेलेले दोन शनिवार

मी पेट्रोलच्या मागे लागलो त्याला फडका कारण नव्हता, कारण होता टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा काटा. जुने लोक एक युक्ती सांगतात. चालत्या गाडीत इंजिन मेलं की लगेच क्लच दाबायचा नाही. चाकांच्या जोरावर इंजिन फिरत असतं, तेव्हा टॅकोमीटरच्या सुईकडे बघायचं. सुई धाडकन शून्यावर पडली तर इग्निशनच्या बारक्या तारांमधला करंट तुटलाय. सुई वेगाबरोबर हळूहळू उतरली तर इग्निशन ठीक, पेट्रोल बघा. माझी सुई सावकाश उतरत होती. म्हणजे पेट्रोल!

युक्ती चुकीची नाही, अर्धवट आहे. या काळातल्या एमजीबीत कॉइलला जाणारी पांढरी तार टॅकोमीटरमधून वळसा घेऊन जाते, आणि त्या तारेतला करंट किती वेळा चालू-बंद झाला हे तो मोजतो. तेव्हा सुई सांगते ते एवढंच की पॉइंट उघडझाप करताहेत आणि कॉइलच्या पहिल्या गुंडाळीत करंट वाहतोय. कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीतून हजारो व्होल्ट बाहेर पडताहेत का, ते रोटरमधून (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणारा, ठिणगी वाटणारा तुकडा) प्लगपर्यंत पोचताहेत का, याची तिला कल्पनाही नसते. सुई पडली तर दोष नक्की बारक्या तारांकडे. सुई पडली नाही तर पेट्रोल किंवा जाड तारा (हजारो व्होल्टच्या), दोन्ही शक्य. हे दुसरं वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही डोकं चालवलं नव्हतं.

असो. पेट्रोलची तपासणी केली ती फुकट गेली तरी पद्धत सांगतो, कारण तुमच्या गाडीत दोष तिथे असू शकतो.

एमजीबीचा एसयू पंप विजेचा असतो आणि तो बोनेटखाली नसून मागे, उजव्या चाकापाशी, बॅटरीच्या कप्प्याजवळ असतो. त्या मुलाला सापडला नाही तो म्हणूनच. अँबेसेडरचा पंप इंजिनलाच चिकटलेला आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा. गरम जागी, त्यात ओढ लागलेली, म्हणून पेट्रोल तिथे लवकर उकळतं आणि ओल्या फडक्याचा उपयोग होतो. एमजीबीचा पंप टाकीजवळ गार जागी बसून पेट्रोल पुढे ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी वाफ होत नाही, निदान इंग्लंडातल्या मे महिन्यात, चालत्या गाडीत तर नाहीच. गाडी तापवून उभी केली आणि दहा मिनिटांनी चालू करताना त्रास दिला, तर गोष्ट वेगळी. दोन्ही कार्ब्युरेटर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसलेले आहेत, उभ्या गाडीत फ्लोट चेंबर तापतं, पेट्रोल उकळतं. पण ती तक्रार ‘गरम असताना चालू होत नाही’ ही. माझी होती ‘चालता चालता मरते’. दोन्हींची गल्लत केली तर म्हैस आजारी आणि इंजेक्शन पखालीला.

चावी फिरवली की पंप टकटक करतो आणि फ्लोट चेंबर भरले की थांबतो. थांबलाच नाही तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी. आवाजच नाही तर त्याचे पॉइंट चिकटलेत किंवा तार सुटलीय. मेलेल्या गाडीत मी कान लावला, टकटक झाली आणि थांबली. म्हणजे चेंबर भरलेले होते. इथेच थांबायला हवं होतं. पण मी टाकीचं झाकण उघडून सुस्कारा येतो का पाहिलं (हवा न घेणारं झाकण बसवलं असेल तर टाकीत पोकळी होते आणि वीसेक मिनिटांनी पेट्रोल येणं थांबतं, लक्षण हुबेहूब हेच). सुस्कारा नव्हता. कार्ब्युरेटरचा पाइप काढून काचेच्या बरणीत पेट्रोल पाडलं. धार सरळ, बुडबुडे नाहीत. हे करताना इंजिन थंड हवं, आग विझवायची बाटली हाताशी हवी आणि बघायला आलेल्या शेजाऱ्याच्या तोंडात सिगारेट नको.

तरी समाधान होईना म्हणून बोनेटखालचे सगळे रबरी पाइप बदलले. ते काम मात्र वाया गेलं नाही. इथे २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. एक पाइप आतून भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटत होता. मी सुपर पेट्रोल भरतो, त्यात ते कमी.

पाइप बदलल्यावर एकट्याने चाळीस मैल गेलो, गाडी थांबली नाही. झालं, सापडलं म्हणून बायकोला सांगितलंसुद्धा. पुढच्या रविवारी एक ओळखीचे गृहस्थ सहज बघायला आले, त्यांना घेऊन निघालो आणि वीस मिनिटांत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला.

फाईल उघडली

त्या रात्री मी पावत्यांची फाईल घेऊन बसलो. गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून ती मी जपली होती, स्वतः कधी नीट वाचली नव्हती. तारखेप्रमाणे लावल्यावर एक गोष्ट दिसली. पहिल्या आठ वर्षांत पॉइंट आणि कंडेन्सर दोनदा बदलले होते. गेल्या तीन वर्षांत पाचदा. आणि हे सुरू कधी झालं? एका सर्व्हिसिंगच्या पावतीनंतर. तिच्यावर लिहिलं होतं, ‘जुनी कॉइल बदलून नवी स्पोर्ट्स कॉइल बसवली’. मला ते आठवतही होतं. जुनी कॉइल चालू होती, फक्त तिच्यावर गंज दिसत होता. नवी चकचकीत होती. बोनेट उघडल्यावर छान दिसायची.

जुन्या गाडीत दोष शोधताना आपण सगळ्यात जुन्या भागाकडे बघतो. मी आता उलटं करतो. जो भाग पन्नास वर्षं चालला तो उद्याही चालण्याची शक्यता बरीच. जो गेल्या वर्षी डब्यातून निघाला त्याची काही खात्री नाही. ल्युकसच्या नावाने इथे सगळे विनोद करतात, ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, पण मला बहुतेक वेळा भोवले ते अलीकडे बनलेले स्वस्त रोटर आणि कंडेन्सर. नव्याचे नऊ दिवस ही म्हण कंडेन्सरसाठीच केली असावी.

मुद्दाम आजारी पाडणं

आता उरला तो जुना प्रश्न. गिऱ्हाईक असताना मी काय वेगळं करतो? उत्तर चहा पिताना सुचलं आणि कप खाली ठेवून मी सरळ गाडीकडे गेलो.

गिऱ्हाईक आलं की मी गाडी दाखवतो. चावी फिरवतो, इंजिन चालू न करता. पेट्रोलचा काटा बघा, इंडिकेटर बघा, वायपर बघा, हिटरचा पंखा चालतो बघा, मागे जाऊन ब्रेकचे दिवे बघा. मग छप्पर कसं घडी करायचं ते. या सगळ्यात दहा-पंधरा मिनिटं चावी चालू राहते. एकटा असलो की बसतो, सेल्फ मारतो, निघतो.

चावी चालू आणि इंजिन बंद असताना डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून करंट सलग वाहत राहतो. इंजिन फिरताना तो सारखा तुटत असतो, उभ्या गाडीत तुटत नाही. पॉइंट मिटलेले असतील की उघडे, हे इंजिन कुठे थांबलं त्यावर. पण दर ९० अंशांपैकी साधारण ६० अंश ते मिटलेलेच असतात, म्हणजे तीनात दोन वेळा.

मग दुखणं मुद्दाम उभं केलं. आपल्या हाताने, घरच्या दारात, हवं तेव्हा ते आणता आलं की अर्धी लढाई संपली. पॉइंट मिटलेले आहेत याची टेस्ट लॅम्पने खात्री केली, चावी चालू करून बारा मिनिटं घड्याळ लावून बसलो. मग कॉइलला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. इंजिन चालू केलं, जागेवरच सोडलं. चौदाव्या मिनिटाला आचके आणि शांतता.

सगळं आधी मांडून ठेवलं होतं, त्यामुळे मोजायला तीन मिनिटंही लागली नाहीत. कॉइलच्या पांढऱ्या तारेच्या टोकाला ११.९ व्होल्ट. म्हणजे चावी, बुलेट कनेक्टर (तारा जोडणाऱ्या नळ्या), टॅकोमीटरचा वळसा सगळं शाबूत. दुसरं टोक, जिथून पांढरी-काळी तार डिस्ट्रिब्युटरला जाते, तिथे पॉइंट उघडे असताना १२ च्या आसपास. म्हणजे कंडेन्सर शॉर्ट नाही, आतली तार कुठे टेकत नाही. पॉइंट मिटलेले असताना ०.९. हे जास्त आहे. चांगल्या पॉइंटवर ०.२ च्या आत असायला हवं. पॉइंट जळत होते, पण तेवढ्याने गाडी मरत नाही. मग कॉइलच्या मधल्या जाड तारेला स्पार्क टेस्टर लावून सेल्फ मारला. अंधार. एक ठिणगी नाही.

टेस्टर बाजूला ठेवून, तारा काढून, मीटर लावलं. कॉइलच्या दोन बारक्या टोकांमध्ये १.६ ओहम. मधल्या टोकापासून बारक्या टोकापर्यंत, म्हणजे दुसऱ्या गुंडाळीचं, मीटरने काहीच दाखवलं नाही. गुंडाळी आत कुठेतरी तुटलेली. चहा करून आलो, वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं, तीच गुंडाळी काही हजार ओहम दाखवत होती. तापली की तार ताणून तुटायची, गार झाली की जुळायची. त्या मुलाच्या ओल्या रुमालाने जे ‘केलं’ ते हे.

दीड ओहम कुठून आला

माझ्या गाडीला लागते ती ३ ओहमची कॉइल, जी थेट १२ व्होल्टवर चालते. पण पुढच्या, म्हणजे १९७४ च्या अखेरीपासूनच्या रबर बंपरच्या एमजीबींमध्ये कॉइलच्या आधी एक रेझिस्टन्सची तार घातलेली असते. तिच्यात काही व्होल्ट खर्च होतात, म्हणून तिथे कॉइल दीड ओहमची. सेल्फ मारताना ती रेझिस्टन्सची तार टाळून पूर्ण व्होल्ट मिळतात, थंडीत गाडी पटकन चालू होते. उत्तम योजना, पण त्या गाडीसाठी. दोन्ही कॉइल दिसायला सारख्या, दोन्ही ‘एमजीबीची कॉइल’ म्हणून मिळतात, आणि ‘स्पोर्ट्स’ हा शब्द दोन्हींवर चिकटवता येतो.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टला ३ ओहम म्हणजे ४ अँपिअर, उष्णता ४८ वॅट. १२ व्होल्टला दीड ओहम म्हणजे ८ अँपिअर, ९६ वॅट. प्रत्यक्षात तारांमुळे थोडं कमी पडेल, पण शंभराचा जुना पिवळा बल्ब मुठीएवढ्या डब्यात कोंडून पेटवल्यासारखंच ते. शिवाय पॉइंटवर दुप्पट करंट, म्हणून ते जळायचे. जळलेले पॉइंट दिसले की गॅरेजवाला पॉइंट आणि कंडेन्सर बदलायचा, दारात दहा मिनिटं इंजिन चालवून बघायचा, पावती फाईलमध्ये. त्याला दोष कसा देऊ? त्याच्या दारात चावी उगाच चालू ठेवून वायपर दाखवत कोण बसतंय?

दुरुस्ती दोन तासांची. ३ ओहमची, बाहेरचा रेझिस्टन्स न लागणारी कॉइल घेतली, बसवण्याआधी दुकानाच्या काउंटरवरच मीटर लावलं (काउंटरवरचा मुलगा बघत राहिला, बघू दे). नवे पॉइंट, टाच कॅमच्या टोकावर आणून गॅप ०.०१५ इंच. फिलर गेज आधी पुसून घ्या, त्यावरचं तेल पॉइंटवर लागलं तर तेही जळतं. कॅमला ग्रीसचा ठिपका, जास्त नाही. गॅप बदलली की टायमिंग हलतं, म्हणून ते पुन्हा लावलं. कंडेन्सर चांगला होता, तरी एका जुन्या साठ्यातला घालून पाहिला, कारण एकदा हात घातलाच आहे. रोटर बदलून लाल रंगाचा बसवला, ज्याच्या पितळी पट्टीला मधोमध रिव्हेट नसतो. काळ्या स्वस्त रोटरमध्ये त्या रिव्हेटमधून स्पार्क खालच्या दांड्यात उडतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा असा सल्ला मला तिघांनी दिला. वाईट नाही, पण ते बसवलं तरी कॉइल चुकीचीच राहिली असती, आणि चावी चालू ठेवण्याची माझी खोड त्या मॉड्यूलनेही सहन केली नसती. मी पॉइंट ठेवले. रस्त्यात नेलकटरच्या कानशीने साफ करता येतात.

मोजून तुमची कॉइल बरोबर निघाली तर

मग मेलेल्या गाडीत त्याच दोन टोकांचे व्होल्ट वाचा. पांढऱ्या तारेकडेच १२ नाहीत तर मागे जात राहा: बुलेट कनेक्टर, चावीचा स्विच. दुसऱ्या टोकाला पॉइंट उघडे असूनही शून्य, तर कंडेन्सरची तार सोडवा. व्होल्ट परत आले की तोच चोर. उलट, पॉइंट मिटलेले असूनही तिथे पूर्ण १२ दिसले तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक तार बघा, एक करंट आणणारी आणि एक विणलेली, अर्थिंगची. व्हॅक्यूमबरोबर पॉइंटची पाटी सारखी हलते, त्या दोन तारा वर्षानुवर्षं वाकतात, आणि वरचं आवरण धड असताना आतून तुटतात. सरळ धरून मोजाल तर सापडणार नाही, पाटी हाताने फिरवत मोजा. कॉइलच्या जाड तारेत ठिणगी आहे पण प्लगवर नाही, तर कॅप आणि रोटर. जाड तार उघड्या हाताने धरून ‘करंट येतोय का’ बघणारे वीर मी पाहिलेत. टेस्टर दहा पौंडांच्या आत मिळतो.

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे २०१८ पासून दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे बऱ्याच गाड्या वर्षानुवर्षं कोणी उघडूनच पाहत नाही. मी तरी करून घेतो. पण एमओटीवाला कॉइल मोजत नाही हेही खरं.

साताऱ्याच्या त्या मुलाला मी फोन करून सगळं सांगितलं. तो परत आला. या वेळी मी मुद्दाम चावी चालू करून दहा मिनिटं गाडी दाखवली, छप्पर दोनदा उघडलं-मिटलं. मग त्याला म्हटलं, कॉइलवर हात ठेव. गरम होती, पण चटका बसला नाही. वॉलिंगफर्डला जाऊन कॉफी प्यायलो, परत आलो, रस्त्यात कुठे थांबलो नाही. रुमाल त्याने खिशात आणलेलाच होता.

फाईल त्याच्या हातात देताना तीन वर्षांपूर्वीच्या त्या पावतीवर मी लाल पेनाने लिहून ठेवलं: ‘ही कॉइल काढली. या गाडीला ३ ओहमची हवी.’ ती काढलेली चकचकीत कॉइल मात्र दिली नाही. डिकीत ठेवली असती तर पुढे कोणीतरी ‘स्पेअर आहे की’ म्हणून बसवली असती. तिचं जाड टोक हातोडीने ठेचलं आणि भंगारात टाकली.